भरल्या पोटाची बहिरी

हातमोजे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. डाव्या हातात कोपरापर्यंत चामड्याचा मोजा आणि उजवा हात उघडा, असा हा माणूस रोज सकाळी धान्याच्या कोठाराच्या आवारातून चालत जायचा, म्हणून हमालांनी नाव पाडलं. ते इतकं चिकटलं की नवीन आलेला वॉचमन त्यांना अदबीनं "या हातमोजेसाहेब" म्हणायला लागला. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायचं तर बोलावं लागतं, आणि बोलणं त्यांना अंगावर आल्यासारखं व्हायचं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती सभासद करून घ्यायला. कोठारातल्या कंत्राटी माणसांची संघटना आम्ही बांधत होतो. हमाल आले, झाडूवाल्या आल्या, पट्ट्यावर खडे निवडणाऱ्या बायका आल्या, अगदी भित्रा म्हणून प्रसिद्ध असलेला इलेक्ट्रिशियनसुद्धा आला. उरले हे एकटे. लोक म्हणाले, "ताई, त्यांच्या नादी लागू नका. तो माणूस पाखराशी संसार मांडून बसलाय." मला कोणी जाऊ नका म्हटलं की माझे पाय हमखास तिकडेच वळतात.

वजनकाट्याच्या मागे मोडक्या यंत्रांची एक शेड आहे. तिचा एक कोपरा पत्रा ठोकून वेगळा केलेला, ती त्यांची राहायची जागा. आत एक खाट, एक स्टोव्ह, एक खुर्ची, खुंटीवर दोन शर्ट. आणि खोलीतल्या एकुलत्या एका खिडकीसमोर, सगळा उजेड अंगावर घेत, लाकडी अड्ड्यावर बसलेली एक बहिरी ससाणी. पाठ राखेच्या रंगाची, पोटावर बारीक काळ्या आडव्या रेघा, गालावर मिशीसारखा काळा फराटा. भिंतीवर तिच्या शिटेचे पांढरे ओघळ, खाली जुनी वर्तमानपत्रं. माणसाची खाट मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात ढकललेली. घर कोणाचं आणि भाडेकरू कोण, हे विचारायची गरज नव्हती.

"दार लावा," ते म्हणाले. "आणि हात उडवत बोलू नका. बाईसाहेबांना चालत नाही."

मला हात न उडवता बोलता येत नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आणि संघटना म्हणजे काय, ते सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं.

"मी कामगार नाही," ते म्हणाले.

"मग काय मालक आहात?"

"कामगार ती आहे. तिला विचारा. ती हो म्हणाली तर माझा अंगठा घ्या."

मी उठले. दारात मी म्हणाले, "तिला विचारलं असतं, पण ती तुमच्यापेक्षा बोलकी दिसतेय, वेळ जाईल माझा."

माझ्या पाठीमागे ते हसल्यासारखं वाटलं. तेवढ्यावर आमची ओळख झाली. सभासद ते शेवटपर्यंत झाले नाहीत, पण मी आवारात आले की त्या पत्र्याच्या दाराशी थांबायला लागले. खुर्ची मला द्यायचे, स्वतः खाटेवर बसायचे, आणि मला ‘पुढारीणबाई’ म्हणायचे. मी जास्तच तापले की नुसतं ‘पुढारीण’.

त्यांचं काम असं होतं. धान्य उघड्या पट्ट्यावरून वर चढतं आणि सिमेंटच्या उंच टाक्यांत, म्हणजे सायलोत, पडतं. चढताना सांडतं. सांडलं की कबुतरं आलीच. कबूतर खातं थोडं आणि घाण करतं फार, त्या घाणीपायी माल परत येतो. जाळ्या लावून झाल्या होत्या, फटाके वाजवून झाले होते. साहेब लोकांनी प्लास्टिकचं एक घुबडही आणून बसवलं होतं, तर कबुतरांनी त्याच्या डोक्यावरच काड्या आणून ठेवल्या. मग कोणीतरी हातमोज्यांचं नाव सुचवलं. ते सकाळी मुठीवर बहिरी घेऊन आवाराच्या मधोमध उभे राहायचे, तिच्या डोळ्यांवरची चामड्याची टोपी काढायचे आणि हात वर करायचे. ती निघायची, सायलोच्याही वर चढायची, बघता बघता आभाळातला एक ठिपका व्हायची. आणि आवारातलं प्रत्येक कबूतर पलीकडच्या वस्तीत पळायचं. मारायची क्वचितच. ती वर आहे एवढं पुरे असायचं.

मग ते मोज्यावर मांसाचा तुकडा धरून शिट्टी घालायचे. दगड सुटावा तशी ती खाली यायची आणि शेवटच्या क्षणी पंख उघडून त्या मुठीवर अलगद उतरायची. पाठीवर पोतं घेतलेले हमाल तसेच थांबून बघायचे. मुकादम त्यांना शिव्या द्यायचा, पण वर बघतच द्यायचा.

हे सगळं उभं होतं ते तिच्या वजनावर. रोज सकाळी तिला तराजूवर उभं करायचे. थोडी जड भरली तर तिला भूक नाही, आणि भूक नसेल तर शिट्टी तिच्या कानात शिरत नाही. फार हलकी भरली तर पंखात जोर नाही. या दोहोंच्या मधल्या बारीक रेघेवर तिला वर्षानुवर्षं ठेवायचं, आणि ती रेघसुद्धा थंडीवाऱ्याप्रमाणे, पिसं गळतील तशी इकडेतिकडे सरकणार. पोट भरलेली बहिरी हातावरून सोडायची नाही, हा त्या धंद्यातला पहिला नियम.

"म्हणजे अर्धपोटी ठेवून काम करून घ्यायचं," मी म्हटलं. "आमचा कंत्राटदार तुमच्याकडेच शिकला वाटतं."

"फरक आहे, पुढारीणबाई. कंत्राटदार तुम्हाला रोज सोडून बघतो का, परत येता की नाही ते? मी बघतो. वर गेली की तिला कोण धरणार आहे? रोज मोकळी असते. रोज जाऊ शकते. रोज येते."

"मग माणसाळली म्हणायची."

त्यांचा चेहरा उतरला. "शेळी माणसाळते," ते म्हणाले. "कुत्रं माणसाळतं." मग खिडकीकडे बघत राहिले. माझ्या साध्या बोलण्यानं काय दुखलं ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, त्यांनी आपण होऊन बायकोची गोष्ट काढली तेव्हा.

बायको शिवणकाम करायची. नवऱ्यानं हा पक्षी रानातून धरून आणला, घरट्यातून नुकता सुटलेला, स्वतःची शिकार स्वतः करायला शिकलेला. तेव्हापासून तिचं एकच पालुपद. "ती तुमच्याकडे येत नाही, तुकड्याकडे येते." हे म्हणायचे, तुला काय कळतंय. मुठीवर शिकवलीय मी तिला, माझ्या पावलांचा आवाज ओळखते ती. एक दिवस बायको शिलाईवरून उठली, मोजा स्वतःच्या हातात चढवला, तुकडा धरला आणि अंगणात जाऊन उभी राहिली. ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, त्यामुळे शिट्टीसुद्धा घालता येईना. बाईसाहेब छपरावरून उठल्या आणि तिच्या मुठीवर येऊन बसल्या.

"अगदी तशीच आली," हातमोजे मला म्हणाले. "तशीच बसली. तशीच खाल्लं. केसाचाही फरक नाही."

"मग?"

"मग काय. ती टाचण्या काढून हसत सुटली. मी त्या दिवशी जेवलो नाही."

"एवढ्याशा गोष्टीवरून?"

"लग्न केलंयस का तू?"

"नाही."

"मग राहू दे."

बायको आजारपणात गेली. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. तिच्या लग्नाला हे अक्षता पडेपर्यंत थांबले आणि जेवणाच्या पंगती उठायच्या आत परत निघाले, कारण पक्ष्याचं खाणं चुकवता येत नव्हतं. व्याह्यांनी ते अजून सोडलेलं नाही. तेव्हापासून कोणाचं बारसं नाही, कोणाचं मयत नाही. हमाल जेवायला बोलवायचे, तर घोळक्यातला गोंगाट तिला सोसत नाही म्हणून हे दुरूनच हात हलवायचे. पुढे लोकांनी बोलावणं सोडलं. माणूस असा एका दिवसात एकटा पडत नाही. एकेक बोलावणं परत करत जातो, आणि शेवटी दार वाजवणारी मीच एक भांडखोर बाई उरते.

मुलगी आली त्या दिवशी मी वजनकाट्याशी उभी होते. हातात पिशवी, घामाघूम. मलाच विचारलं, "इथं माझे बाबा कुठं राहतात?" बापाची खोली परक्या बाईला विचारावी लागते याची लाज तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. मी तिला घेऊन गेले. परत फिरणार, तर हातमोजे म्हणाले, "बस, पुढारीण. तू असलीस की ही हळू आवाजात बोलेल." तो त्यांचा गैरसमज होता.

तिनं खोलीभर नजर फिरवली. "बाबा, तुम्ही अंधारात झोपता आणि खिडकी तिला?"

"तिला उजेड लागतो."

"आणि तुम्हाला?"

"मला झोप लागते."

"आम्ही घर घेतलंय. एक खोली तुमच्यासाठी ठेवलीय. जावईच म्हणाले, बाबांना आणू या. मी नाही, त्यांनी विषय काढला."

"आणि हिला?"

"आमच्या इमारतीत पक्षी चालत नाही. आणि शेजारी मांजर आहे."

"मांजराची काळजी तू करू नकोस. मांजरानं करावी."

मला हसू फुटलं. मुलीला नाही. "थट्टा नको, बाबा. उद्या तुम्ही इथं पडलात तर कोणाला कळणार? ही उडत येऊन सांगणार आहे मला? सोडून द्या तिला. आभाळातली आहे, आभाळात जाईल."

"तिला माझ्याशिवाय आहे कोण?"

"उलटं सांगताय तुम्ही. तुम्हाला तिच्याशिवाय कोणी नाही, आणि ते तुम्हीच करून ठेवलंय." तिचा आवाज चढला. "आई म्हणायची तेच खरं. तिला तुम्ही नाही कळत. तिला मोजा कळतो."

ते उठून अड्ड्यापाशी गेले, पाठमोरे उभे राहिले. मुलगी डोळे पुसत होती. मी पत्र्यावरचे खिळे बघत बसले होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी पोटभर चारतो तिला आणि सोडतो. रिकामी मूठ धरून बोलावतो. आली, तर मी इथंच मरणार, परत हा विषय काढायचा नाही. नाही आली, तर सामान घेऊन तुझ्याकडे येतो."

"हा काय पोरखेळ! पैज लावताय का माझ्याशी?"

"तुझ्याशी कशाला लावू? तिला विचारतोय. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं."

मुलीला नोकरीवर परत जायचं होतं. जाताना गेटपाशी माझा हात धरून म्हणाली, "ताई, त्या दिवशी त्यांच्याजवळ थांबाल?" मी थांबले.

सुट्टीच्या दिवशी कोठार वेगळंच दिसतं. पट्टे थांबलेले, धूळ खाली बसलेली, आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. त्यांनी तिला खोलीत चारलं. एक लावा पक्षी अख्खा, वर आणखी अर्धा. तिच्या गळ्याखालची पिशवी मुठीएवढी फुगली. पुढचा तुकडा तिनं नुसता बघितला आणि मान वळवली. तिला इतकं पोटभर मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं, त्यांनीही नाही.

बाहेर आणून टोपी काढली, हात वर केला. ती गेलीच नाही. भरल्या पोटी कोणाला घाई असते? त्यांनी मूठ हलवली तेव्हा कुठे जड पंखांनी उठली, आणि आभाळात न जाता पहिल्या सायलोच्या काठावर जाऊन बसली. पिसं फुगवली, एक पाय पोटात घेतला.

त्यांनी शिट्टी घातली. रिकामी मूठ पुढे केली.

तिनं खाली पाहिलं. मी शपथेवर सांगते, तिनं त्यांनाच पाहिलं, नीट, मान एकदा इकडे आणि एकदा तिकडे करून. मग तोंड फिरवून पलीकडच्या वस्तीकडे बघत बसली.

दर थोड्या वेळानं शिट्टी. खिशात मांस होतं. मी म्हटलं, "दाखवा की एकदा तुकडा." ते म्हणाले, "तुकडा दाखवून आली तर मी विचारलं काय?" ऊन डोक्यावर आलं. मी चहा आणला, तो कपातच गार झाला. हात खाली घेत नव्हते. डाव्या हाताला उजव्या हाताचा टेकू देऊन उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. भांडण असतं तर मी मधे पडले असते. इथं कोणाच्या अंगावर जायचं?

तेवढ्यात तिनं वर अंग झाडलं आणि पायाखालून काहीतरी लोंबताना दिसलं. हातमोज्यांचा हात खाली आला.

"वाद्या," ते म्हणाले. "वाद्या बदलल्या नाहीत मी."

बहिरीच्या पायात चामड्याच्या वाद्या असतात, दोन तऱ्हेच्या. बसवायच्या वाद्या लांब, टोकाला भोक, त्यात दोर ओवून तिला अड्ड्याला बांधतात. उडवताना त्या काढून आखूड, बिनभोकाच्या घालायच्या. कारण लांब वादीचं भोक एखाद्या खिळ्यात किंवा तारेत अडकलं की पक्षी उलटा लटकतो आणि फडफडून मरतो. इतक्या वर्षांत हे ते कधी विसरले नव्हते. पण कामाचा दिवस नव्हता, तेव्हा कामाच्या वाद्यांकडे हात गेलाच नाही. आणि मला विचाराल तर हातांना मनातून पक्कं ठाऊक होतं की ती येणारच.

सायलोवर तर पावलोपावली खिळे आणि तारा.

"भूक लागली की उतरेल," मी म्हटलं. तेही तेच धरून बसले. आता त्यांना उत्तर नको होतं, फक्त वाद्या काढायच्या होत्या. पण भूक लागली तेव्हा बाईसाहेब त्यांच्याकडे आल्या नाहीत. सायलोवरून झेपावल्या, पट्ट्यावरचं एक कबूतर उचललं, आणि बसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तेच. तिला दुसरीकडे जायचं कारणच नव्हतं. उंच जागा, खाली चालून येणारं अन्न. ती तिथं राहायला लागली.

आणि कबुतरं साफ गेली. पूर्वी बहिरी खोलीत गेली की संध्याकाळी कबुतरं परत यायची. आता ती दिवसभर वर. पट्टे स्वच्छ. असं स्वच्छ आवार कोणी पाहिलं नव्हतं.

हे मॅनेजरच्या लक्षात आलं नसतं तर तो मॅनेजर कसला? मला बोलावून घेतलं. तो माणूस नेहमी गोड बोलतो, त्यामुळे मी आत शिरतानाच दात आवळून असते.

"ताई, तुम्हीच सांगा. कबुतरं नाहीत, तर कबुतरं उडवणाऱ्याचं कंत्राट कशाला?"

"काम होतंय ना? मग कामगार आहे."

"आहे की. वर बसलाय. पण तो पगार मागत नाही."

"पक्षी त्यांचा आहे!"

"त्यांचा? मग बोलवा म्हणावं खाली." तो हसला. "येत नाही म्हणे. सगळे हमाल सांगतात."

मी टेबलावर हात आपटला, त्याचा पेन-स्टँड कलंडला, आणि पुढं जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मिळालं एवढंच की महिनाअखेरपर्यंत खोली राहील.

तरातरा हातमोज्यांकडे आले. ते शेडच्या सावलीत बसून वर बघत होते.

"महिनाअखेर?" ते म्हणाले. "तेवढ्यात निघतील वाद्या."

"अहो, तुमची खोली चाललीय! काम चाललंय! माणसं बसवते गेटवर, हमाल एका पायावर तयार आहेत, तुम्ही फक्त हो म्हणा. आणि तुमचं आपलं वाद्या, वाद्या!"

"हळू," ते म्हणाले. "खाली बघतेय ती."

त्या दिवसांत ते नीट झोपत नसावेत. सकाळी मी आले की आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची. वर काही लटकत असेल तर तिथं दिसलंच असतं.

त्यांनी एवढं हेरून ठेवलं होतं की पलीकडच्या वस्तीतून आणलेली शिकार जड असली तर ती सायलोपर्यंत नेत नाही, पॅकिंग शेडच्या सपाट छपरावरच खायला बसते. एका सकाळी तिथं पिसं उडताना दिसली. त्यांनी शिडी लावली, मी धरली, आणि ते चढल्यावर मीही चढले. माझं डोकं तेवढं छपराच्या वर.

ती मधोमध, कबुतरावर पंखांचा तंबू करून. हे पोटावर झोपले. या वयाचा माणूस, धुळीत, कोपरं रेटत, इंचाइंचानं. सरळ तिच्याकडे जात नव्हते, तिरके सरकत होते. तिच्याकडे बघतही नव्हते. ती खायची थांबली की हे थांबायचे, तोंड धुळीत टेकवून. ती परत लचका तोडायला लागली की पुढे. बिचकली असती तर कबूतर घेऊन उडाली असती आणि पुन्हा कधी जवळ येऊ दिलं नसतं. माझ्या हाताला शिडीवर घाम सुटला होता. मला खोकला येत होता आणि मी तो गिळत होते, आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहायचा एवढा प्रयत्न करत.

शेवटी त्यांचा मोज्याचा हात कबुतराशी पोचला. बोटांत लावा पक्ष्याचं काळीज धरलेलं. तिनं हाताकडे पाहिलं, काळीज घेतलं. खालून उजव्या हाताची दोन बोटं सरकली आणि वाद्यांवर मिटली.

धरली.

तिनं एकदाच पंख आपटले. मग त्यांच्या मुठीवर चढली आणि अर्धं कबूतर पायाखाली घेऊन पुन्हा खायला लागली, जणू मधले दिवस झालेच नव्हते. ते हळूच उठून बसले. तोंडावर, भुवयांवर धूळ. धुळीतून दोन ओघळ आले होते. घाम असेल.

"टोपी," मी कुजबुजले. "खिशात आहे ना? टोपी घाला आधी! चला तसेच मॅनेजरच्या केबिनमध्ये. म्हणावं, बघ कोणाची आहे. काम राहील, खोली राहील, सगळं होतं तसं होईल."

"होतं तसं?" ते तिच्याकडे बघत होते. "ती आली नाही, पुढारीण. मी गेलो. सरपटत गेलो. उद्यापासून परत शिट्टी घालीन, ती परत येईल, हमाल बघत उभे राहतील. आणि मला रोज माहीत असेल."

"इतके दिवसही तुम्हाला माहीतच होतं!"

"विचारलं नव्हतं तोवर चालत होतं."

त्यांनी खिशातून लहान कात्री काढली. एक वादी कापली. तिला पत्ताही लागला नाही. दुसरी कापली. मी डोळे मिटले. राग आला होता आणि बोलायची सोय नव्हती. डोळे उघडले तेव्हा ती अजून तिथंच होती. पायात काही नाही, डोळ्यांवर काही नाही, पकडून ठेवणारं काहीच नाही. खात होती.

कबूतर संपलं. गळ्याखालची पिशवी टम्म झाली. तिनं मान वाकवली आणि चोच मोज्यावर घासली, एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं, हात पुसावेत तशी सावकाश.

"बघा," मी म्हटलं. "पोट भरलंय. बांधलेली नाही. तरी बसलीय."

"पोट भरलंय म्हणूनच बसलीय," ते ओठ न हलवता म्हणाले. "चोच ती फांदीलाही पुसते. दगडालाही."

पण श्वास त्यांनी धरून ठेवला होता. मला दिसत होतं.

तिनं अंग झाडलं, पिसं जागच्या जागी बसवली, आणि गेली. सायलोवर नाही, त्याच्याही वर. ते छपरावर बसून राहिले, मूठ तशीच उचललेली. मी म्हटलं, "हात खाली घ्या आता." त्यांनी हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

महिनाअखेरीस मुलगी न्यायला आली. सामान म्हणजे एक बॅग आणि एक वळकटी. बसस्टँडवर मी पोचवायला गेले, कारण दुसरं कोणी नव्हतं. हमाल पाळीवर होते. जाताना त्यांनी दुरून हात हलवले, हातमोज्यांची हमालांशी तेवढीच रीत होती.

गाडी लागायला वेळ होता. मुलगी बापाकडे बघत होती, मग माझ्याकडे. इतक्या दिवसांत तिनं फोनवर हा विषय काढला नव्हता. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं, तरी तिच्या तोंडावर जिंकल्याची एक रेघ नव्हती. शेवटी मलाच म्हणाली, अगदी खालच्या आवाजात, "ताई, खरं सांगा. एकदा तरी आली का ती?"

माझ्या जिभेवर होतं. म्हणणार होते की आली, बसली, पोट भरलेलं असताना, मोकळी असताना बसली, मी या डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यांनीच उत्तर दिलं.

"मी गेलो होतो," ते म्हणाले. "तिनं जवळ बसू दिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. बॅग उचल, गाडी लागली."